स्कूटरची सवय, क्लचशी गाठ: मदत हवी आहे

शेवंती_लष्कर

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरहून लिहितेय. यंदा मेळ्यात गाडी घेतली. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडच्या व्यापार मेळ्यात सरकारने सूट जाहीर केली की गाडीच्या रोड टॅक्सवर ५० टक्के वाचतात. त्यामुळे अर्धं शहर डिसेंबरात गाडी पसंत करतं आणि आदेश निघायची वाट बघत बसतं.) छोटीच आहे. पेट्रोल, एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर, मॅन्युअल. 'ऑटोमॅटिक का नाही घेतली' हे कृपया विचारू नका. तो विषय घरात होऊन गेलाय आणि किमतीपाशी मिटलाय.

मी कॉलेजपासून स्कूटरवर. गर्दीची भीती अजिबात नाही, महाराज बाड्याच्या बाजारात संध्याकाळी स्कूटर काढणाऱ्या बाईला कसली भीती! ड्रायव्हिंग स्कूलला गेले, लायसन्सही झालं. तिथल्या गाडीवर हात बरा बसला होता, निदान मला तसं वाटत होतं. स्वतःच्या गाडीत बसले आणि सगळं विसरल्यासारखं झालंय.

पहिला गिअर टाकते, क्लच हळूहळू सोडते. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एकदम गचका देऊन गाडी बंद. बंद पडू नये म्हणून आधीच रेस दिली तर इंजिन ओरडतं, गल्लीतले लोक वळून बघतात आणि गाडी उडी मारते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मागे बसलेल्या सासूबाईंची मान हलते. त्या बोलत काही नाहीत, पण आता कंपू भागात डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की 'ऑटोनेच जाऊ' म्हणतात.

सगळ्यात वाईट पडावचा चढाचा पूल. मध्यावर ट्रॅफिक थांबलं, मागे ई-रिक्षा अगदी चिकटलेली. ब्रेकवरून पाय उचलून रेसवर नेईपर्यंत गाडी मागे सरकायला लागली. रिक्षावाल्याने आरडाओरडा केला, मी हँडब्रेक ओढला, गाडी बंद पडली. पुन्हा सुरू करून भरपूर रेस देऊन कशीबशी काढली तर आत जळका वास. तेव्हापासून त्या पुलावर गेलेली नाही.

आमचे हे शेजारी बसून 'क्लच, क्लच, क्लच' एवढंच म्हणतात. दाबू की सोडू ते सांगत नाहीत.

मला विचारायचंय ते असं: ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत जमत होतं ते इथे का जमत नाही? गाडीत काही दोष असेल का? क्लच आणि रेस यांत आधी काय? चढावर नेमकं काय करायचं? आणि त्या वासाने क्लच गेला का?

घाटवाला

ताई, टेन्शन घेऊ नका. रेस जरा जास्तच ठेवायची, गाडी बंद पडत नाही. मी असाच शिकलो.

जुनं_गॅरेज

घाटवाले, असा सल्ला देऊ नका हो. माझं आयुष्य ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गॅरेज चालवण्यात गेलं. 'रेस जास्त ठेवा' म्हणणाऱ्यांच्या क्लच प्लेटांवर माझ्या मुलांची शिक्षणं झाली.

शेवंतीताई, गाडीत दोष दिसत नाही. दोन गोष्टी घडल्यात, त्या कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबवतो.

पहिली गोष्ट शाळेच्या गाडीची. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. तुम्ही क्लच पटकन सोडलात की तो आपल्या पायाने सावरून घेतो. तुम्हाला वाटतं आपल्याला जमलं. त्यात त्याचा स्वार्थ एवढाच, की भर चौकात गाडी बंद पडू नये. शिवाय ती गाडी दिवसभर नवशिक्यांच्या पायाखाली असते, तिची क्लच प्लेट (इंजिनची ताकद चाकांकडे नेणारी, घासून पकडणारी चकती) झिजलेली. प्लेट झिजते तसा गाडी उचलण्याचा बिंदू पेडलच्या वरच्या बाजूला सरकत जातो. म्हणजे तिथे पेडल बरंच वर आल्यावर गाडी हलायची. तुमच्या नव्या गाडीत तो बिंदू खाली असणार. तुम्ही जुन्या हिशोबाने वरपर्यंत वाट बघताय, तो मधेच येऊन जातो. 'काही होत नाही, काही होत नाही आणि गचका' याचा अर्थ माझ्या मते हाच.

दुसरी गोष्ट स्कूटरची. स्कूटरलाही क्लच असतो, पण तो तुमच्या हातात नसतो. इंजिन ठरावीक वेगाने फिरायला लागलं की आतले शू केंद्रापासून बाहेर फाकतात आणि ड्रमला आपोआप पकडतात. त्यामुळे तुमच्या अंगात एकच सवय मुरलीय: आधी रेस, मग गाडी हलते. गाडीत ते शू म्हणजे तुमचा डावा पाय. सपाटीवर तर आधी रेस लागतच नाही.

विश्वास बसत नसेल तर हे करून बघा. मेळा मैदानाच्या बाजूला मोकळी सपाट जागा बघा, पहाटे जा. एसी बंद. पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा, उजवा पाय ब्रेकच्या वर नुसता तयार ठेवा, रेसला शिवायचंच नाही. आता क्लच इतका हळू सोडा की शेजारच्याला कंटाळा यावा. एका जागी इंजिनचा आवाज जरा जड होईल, बोनेट किंचित थरथरेल आणि गाडी आपोआप सरकायला लागेल. तो हाफ क्लच. तिथे पाय दोनेक सेकंद रोखा, गाडी चालायला लागली की मगच उरलेला सोडा. आताच्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर इंजिनला बंद पडू द्यायचं नाही म्हणून लोड आला की स्वतःच थोडी हवा आणि पेट्रोल वाढवतो, त्याच्या जोरावर गाडी रांगते. मग क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा, पुन्हा तेच. डाव्या पायाला ती जागा न बघता सापडायला लागली की रेसचा विचार करा, त्याआधी नाही.

एवढ्याने सपाटीवरचं गाडी बंद पडणं जवळजवळ थांबेल. चढाचं वेगळं लिहितो, चहा घेऊन येतो.

मोरारची_मीनू

शेवंतीताई, अगदी माझीच गोष्ट! मीही स्कूटरवरून गाडीवर आले. काकांनी तंत्र सांगितलंय, मी बायकांच्या भानगडी सांगते.

सीट. आमच्या घरी गाडी नवरा चालवायचा, सीट त्याच्या उंचीची. मी टोकावर बसून अंगठ्याने क्लच दाबायची. अंगठ्याने क्लच हळू सुटत नाही, निसटतो. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण आत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. उजव्या पायाची टाच जमिनीला टेकवून ठेवा, ब्रेक आणि रेस यांच्यामध्ये पाय टाचेवर फिरवायचा. पूर्ण पाय उचलून नेलात की रेस जास्तच दाबली जाते.

आणि जाड तळव्याच्या सँडल घालून चालवू नका. काही कळत नाही खाली काय चाललंय. मी पातळ कॅनव्हासचे बूट गाडीतच ठेवते.

'क्लच, क्लच' म्हणणाऱ्या माणसाला पहाटे झोपू द्या. मी माझ्या धाकट्या दिराला घेऊन जायचे, तो मोबाइल बघत बसायचा. तेच बरं.

शेवंती_लष्कर

काका, मीनू, किती धन्यवाद देऊ! शाळेच्या गाडीतला दुसरा क्लच मी रोज बघत होते, पण तो मुलगा तो दाबत असेल हे डोक्यातच आलं नाही. आता आठवतंय, त्याचा पाय कधी स्वस्थ नसायचाच.

काका, एक शंका. रेसचं पेडल हलकं वाटतं, पण दाबल्यावर जरा उशिराने इंजिन वाढतं. मग मी अजून दाबते आणि मग उडी. हा दोष आहे का? आणि एसी लावला की गाडी जास्त बंद पडते असं वाटतं. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, एसीशिवाय सासूबाई बसणार नाहीत.

जुनं_गॅरेज

दोष नाही. पूर्वी पेडलपासून इंजिनपर्यंत तार असायची, पाय हलला की इंजिनात हवा सोडणारी झडप हलायची. आता पेडलला सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला सांगतो आणि एक छोटी मोटर झडप उघडते. काही गाड्यांत पायाला तो पाव क्षणाचा उशीर जाणवतो. त्यावर उपाय म्हणजे घाई न करणं. पेडल थोडंसं, रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढं दाबा आणि तिथेच धरून ठेवा. आवाज वाढू द्या. आरपीएमचा काटा असेल तर १५०० च्या आसपास. उजवा पाय स्थिर, हलायचं काम डाव्याने करायचं. नवशिके दोन्ही पाय एकदम हलवतात आणि मग कुठल्या पायाने काय झालं ते कळत नाही.

एसीचं म्हणाल तर कॉम्प्रेसर इंजिनच्याच ताकदीवर फिरतो. छोट्या इंजिनला तो जाणवतो. एसी चालू असताना सुटताना रेस किंचित वाढवायची, एवढंच. सराव एसी बंद ठेवून, सासूबाई बसल्यावर चालू.

दुसऱ्या गिअरचा गचका: रेस पूर्ण सोडा, क्लच तळापर्यंत, गिअर, मग क्लच हाफपर्यंत आणून तिथे क्षणभर थांबा, मग पूर्ण सोडून रेस. पहिल्यात गाडी १५ ते २० च्या वेगाला आली की दुसरा टाकायला हरकत नाही. पहिल्यात ताणत नेलीत तर इंजिन जोरात फिरत असतं, दुसऱ्यात त्याला एकदम हळू व्हावं लागतं आणि तो धक्का मानेला बसतो.

आता पडावचा पूल.

चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, पायाने ब्रेक धरून बसू नका. मग पहिला गिअर, थोडी रेस धरा, सपाटीपेक्षा जरा जास्त. क्लच हाफपर्यंत सोडा. तिथे इंजिनचा आवाज खाली बसेल आणि गाडीचं नाक किंचित वर उचललं जाईल. ते झालं की डावा पाय अजिबात न हलवता हँडब्रेक सोडा. गाडी मागे न जाता पुढे निघेल. निघाली की मग क्लच पूर्ण सोडा आणि रेस वाढवा. नाक उचललं नसेल तर हँडब्रेक सोडायचा नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

एक मात्र करू नका. चढावर थांबलेली गाडी हाफ क्लचवर तोलून धरून उभं राहायचं, कित्येक जण तसं करतात. त्यात प्लेट इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, घासत राहते, तापते आणि तोच तुमचा जळका वास. एकदा-दोनदा आला म्हणून प्लेट जात नाही. वास आला तर बाजूला घेऊन गाडी दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. रोज येत राहिला, किंवा रेस दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असं झालं, तर गॅरेजला दाखवा. चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवयही लावून घेऊ नका, पेडल दाबल्यावर प्लेट सोडवणारं रिलीज बेअरिंग त्यानेच जातं. पाय शेजारी जमिनीवर.

घाटवाला

काका, म्हणजे मी आजवर क्लच जाळतच आलो म्हणायचा. क्लच बदलायला आला तेव्हा मेकॅनिक का हसला ते आत्ता कळलं.

जुनं_गॅरेज

गाडी आणा इकडे, मी हसणार नाही. बिल देईन फक्त.

शेवंती_लष्कर

मंडळी, प्रगती सांगायला आले. काकांनी सांगितल्याप्रमाणे रेसला न शिवता गाडी चालवली. पहिल्यांदा ती आपली आपण निघाली तेव्हा मी एवढी दचकले की ब्रेक मारून बंद पाडली. आता हाफ क्लच पायाला सापडतो. पेडल जमिनीपासून फार वर यायची गरजच नाही, काकांचा अंदाज बरोबर होता. सीटही दोन खाचा पुढे घेतली, ह्यांना आता बसताना गुडघे दुमडावे लागतात आणि ते रोज एकदा तक्रार करतात.

पुलावर काल सकाळी लवकर गेले, गाडी शिकलेल्या भाच्याला बरोबर घेऊन. मध्येच मुद्दाम बाजूला थांबले, हँडब्रेक, नाक उचललं, सोडला. मागे सरकली नाही! दुसऱ्यांदा जरा सरकली, कारण हँडब्रेक आधी सोडला.

आता एक उरलंय. स्पीडब्रेकर. रेसकोर्स रोडवर तिसऱ्यात येते, ब्रेक मारते, तेव्हा कुठला गिअर? पहिला टाकला तर गाडी पुढे आपटल्यासारखी थांबते, तिसऱ्यात ठेवली तर थरथरते.

आणि किल्ल्यावर गाडी न्यायची आहे, सासूबाईंना दाताबंदी छोड गुरुद्वारा आणि वाटेतल्या जैन मूर्ती दाखवायच्या आहेत. उरवाई दरवाजाच्या बाजूने जमेल का?

मोरारची_मीनू

स्पीडब्रेकरचं मी सांगते, मला नुकतंच कळलंय. आधी नुसता ब्रेक, क्लच नाही. वेग अगदी कमी झाला की क्लच दाबून दुसरा. गाडी चालती असेल तर दुसऱ्यातच ओलांडायची, क्लच हळू सोडायचा. पहिला फक्त जवळजवळ थांबलात तरच. आणि लांबूनच क्लच दाबून गाडी नुसती वाहवत आणू नका, इंजिनचा अटकाव जातो आणि सगळं ब्रेकवर येतं.

जुनं_गॅरेज

मीनूबाई, शंभर नंबरी.

शेवंतीताई, उरवाई आत्ताच नको. चढ खडा, रस्ता अरुंद, समोरून उतरणारी गाडी आली की अगदी वळणावर थांबावं लागतं, मागे रांग. पुलावर गर्दीच्या वेळी सलग आठवडाभर हँडब्रेकने सुटा, एकदाही मागे न सरकता. मग सुटीचा दिवस सोडून सकाळी लवकर जा. चढताना पहिल्यातच राहा, दुसऱ्याचा मोह नको. उतरतानाही पहिला किंवा दुसरा, न्यूट्रल कधीच नाही. पहिल्या वेळी सासूबाईंना घरी ठेवा, भाच्याला न्या.

शेवंती_लष्कर

ठरलं काका. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, 'मी ऑटोने वर येते, तू ये मागून.'