शाळेतील उबुंटू संगणकांची एकसारखी मांडणी कशी ठेवावी?

प्रश्न (देवगड): आमच्या शाळेत उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारे वीस संगणक आहेत. पावसाळ्यात वीज वारंवार जात असल्याने ते सगळे एकाच वेळी चालू सापडत नाहीत. प्रिंटर, मराठी कळफलक आणि विद्यार्थ्यांची खाती सर्वांवर एकसारखी ठेवण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

उत्तर (मालवण): सर, एका संगणकावरून इतर सर्वांवर ठरलेली मांडणी लावणारे ॲन्सिबल घ्यावे. २०१२ मध्ये आलेल्या या साधनाला समोरच्या संगणकावर वेगळा एजंट (तिथे बसवलेला मदतनीस प्रोग्राम) लागत नाही. एसएसएच (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) आणि पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा एवढे पुरते. ‘चेक’ पर्याय देऊन काय बदलणार ते आधी अवश्य पाहावे.

उत्तर (गुहागर): वरील सल्ला योग्यच आहे, परंतु बंद असलेला संगणक त्या फेरीतून सुटतो. म्हणून प्रत्येक संगणकावर ॲन्सिबल बसवून क्रॉनमध्ये (आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सेवेत) ‘रीबूट’च्या नोंदीपुढे ॲन्सिबल-पुलची आज्ञा लिहावी, म्हणजे वीज येऊन यंत्र सुरू झाले की ते गिटमधील (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यातील) प्लेबुक, म्हणजे मांडणीच्या सूचनांची फाइल, स्वतःच ओढून लागू करते. नेटवर्क जोडले जाईपर्यंत थोडा विलंब मात्र ठेवावा.