शहराच्या आराखड्यात रहिवाशांना खरंच सामील कसं करायचं?

सहावीगल्ली:
मंडळी, मदत हवीये. आमच्या भागाचा पुढच्या पाच वर्षांचा विकास आराखडा होतोय आणि रहिवाशांची मतं गोळा करायचं काम आम्हा चारपाच जणांच्या गळ्यात पडलंय. दोन बैठका घेतल्या, दोन्हीला तेच वीसेक चेहरे, बहुतेक रिटायर्ड, आणि दोन्ही वेळा पाऊण तास पार्किंगवरून भांडण. भाडेकरू नाहीत, तरुण पोरं नाहीत, ज्यांच्या दारातून नवा रस्ता जाणारे त्यांच्यातलं तर एकही माणूस नाही. लोकांना इंटरेस्टच नाही असं लिहून मोकळं व्हायचं, की आमचंच काही चुकतंय?

जुनानकाशा:
बैठक किती वाजता होती ते आधी सांगा. कामाच्या दिवशी संध्याकाळी असेल तर शिफ्टवाले आणि घरी लहान मूल असणारे येणारच नाहीत. मी बरीच वर्षं प्लॅनिंगच्या कामात होतो, माझं म्हणणं एवढंच की लोकांना बोलावत बसू नका, ते जिथे असतात तिथे टेबल टाका, बसस्टॉपवर, शाळा सुटताना गेटपाशी, दवाखान्याच्या रांगेजवळ. आणि रंगीत गुळगुळीत नकाशा नेऊ नका, तो बघून लोकांना वाटतं सगळं ठरलंय, मग "छान आहे" म्हणून निघून जातात. एकदा प्रिंट वेळेत आली नाही म्हणून आम्ही पेन्सिलीनं काढलेला कच्चा नकाशा नेला, तर एक बाई पाच मिनिटं तो उलटासुलटा करून स्वतःचं घर शोधत होत्या आणि सापडल्यावर त्यांनी माझ्याच हातातली पेन्सिल घेऊन आम्ही दाखवलेल्या बागेवर फुली मारली, म्हणे इथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं, पोरं खेळणार की पोहणार! सर्व्हेत ते पाणी नव्हतंच, सर्व्हे उन्हाळ्यात झालेला.

बघूपुढे:
पेन्सिलीनं काढा नाहीतर शाईनं, ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. मी हरकत नोंदवली होती, शिक्का मारून पोच मिळाली, पुढे त्याचं काय झालं आजतागायत कळलं नाही. शेरी आर्नस्टीन बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडलीये, तळाला लोकांना गुंडाळणं आणि सगळ्यात वर निर्णय लोकांच्या हातात. नुसतं मत विचारणं ही खालून चौथी पायरी, बरीचशी शहरं तिथेच बूड टेकून बसलीत.

हिशेबनीस:
सगळीकडे तसं नाही हो. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रीत १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन बजेटमधल्या कामांचा क्रम लोक ठरवायला लागले, आणि तिथे गरीब वस्त्यांतली माणसं आवर्जून यायची, कारण गटार, पाण्याची लाइन कुठे आधी येणार ते तिथेच ठरायचं. ज्या भागात सोयी कमी त्याला जास्त वजन, अशी गुणांची पद्धतही होती. (२०१७ मध्ये तेही थांबवलं म्हणा, वरच्यांची मर्जी फिरली की संपलं.)
बघूपुढेंच्या पोचपावतीबद्दल: अमेरिकेत शहरांना कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट हा केंद्राचा निधी मिळतो, १९७४ च्या कायद्यातला. त्यासाठी आराखड्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा जोडून कुठली घेतली नाही, का नाही, हेही लिहावं लागतं. तुमच्याकडे असा नियम असो नसो, असा तक्ता लावायला कोण अडवतंय?

सहावीगल्ली:
बैठक मंगळवारी संध्याकाळी सहाला होती. नकाशा लॅमिनेट केलेला. 🙈
आधीच्या सूचना रजिस्टरमध्ये पडून आहेत, त्यांचा तक्ता आधी लावतो, त्यातल्या दोनतीन तर आम्ही का सोडल्या ते आता आमचं आम्हालाच सांगता येत नाहीये. मग शाळेच्या गेटपाशी टेबल. फक्त नकाशा हातानं काढायला हात चांगला असलेलं कोणीतरी शोधायला हवं.

जुनानकाशा:
हात वाईट असलेलाच घ्या. फक्त लोकांना आपलं घर सापडलं पाहिजे.