लाउफेनबुर्गचा पूल: ५४ सेंमीचा घोळ नेमका कुठं झाला?

सीताबर्डी_वॉक: झिरो माईलच्या हेरिटेज वॉकमध्ये समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा विषय निघतो. तिथे ऱ्हाईनकाठच्या लाउफेनबुर्गच्या पुलाचं उदाहरण द्यायचं आहे. तिथे नवा पूल बांधताना दोन काठांच्या उंचीत ५४ सेंमीचा फरक पडला, कारण जर्मनी आणि स्वित्झर्लंड समुद्रपातळी जुळवायला विसरले, असं ऐकलं. खरं आहे का? आणि एकच गाव दोन देशांत कसं गेलं?

आरएल_भाऊ: विसरले नव्हते, ताई! जर्मनी उंची मोजते ॲम्स्टरडॅमच्या पातळीवरून. स्वित्झर्लंड मोजतो फ्रान्समधल्या मार्सेयच्या भूमध्य समुद्रावरून, आणि त्यासाठी जिनिव्हाच्या सरोवरातला एक खडक ३७३.६ मीटर धरतो. दोन्हींत २७ सेंमीचा फरक आहे, तो सगळ्यांना ठाऊक होता आणि हिशेबात धरलाही होता. फक्त चिन्ह उलटं लागलं. समजा एका जागेचा स्विस आरएल (ठरलेल्या शून्य पातळीपासूनची उंची) ३००.२७ मीटर आहे, जर्मन आकड्यात तो ३००.०० व्हायला हवा. वजा करायच्या जागी मिळवले की ३००.५४ येतो. म्हणून फरक २७ चा नाही, दुप्पट. २००३ मध्ये काम चालू असतानाच हे लक्षात आलं, जर्मन बाजू खाली घेतली आणि २००४ मध्ये पूल खुला झाला.

जुने_नकाशे: फाळणी नेपोलियनच्या काळातली. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या ताब्यातलं हे एकच गाव, मधून नदी. १८०१ च्या ल्युनेव्हिलच्या तहाने ऱ्हाईन सीमा ठरली. डावा काठ १८०३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांतात गेला, उजवा पुढे बाडेन या जर्मन राज्याकडे. किल्ल्याचे अवशेष आणि मुख्य चर्च स्विस बाजूला राहिलं.

खरी श्रीमंती मात्र धबधब्यासारख्या खळाळाची होती. नावा तिथून थेट जाऊच शकत नसत: माल उतरवायचा, रिकामी नाव दोरांनी खाली सोडायची, पुन्हा भरायची. या कामावर आणि सामन माशांवर गावं पोसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीजकेंद्रासाठी ते खडक सुरुंगाने उडवले आणि दोन्ही धंदे संपले. १९५८ मध्ये फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडच्या वीजजाळ्या जोडल्या गेल्या त्याही इथेच; वॉकमध्ये हे सोडू नका, पुलापेक्षा मोठी गोष्ट आहे.

सीताबर्डी_वॉक: असा घोळ साइटवर पकडायचा कसा?

आरएल_भाऊ: कागदावरची दुरुस्ती कितीही तपासली तरी चिन्ह निसटतं. नदीच्या दोन्ही काठांवर एकेक बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण) घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी लेव्हल यंत्राने उंची वाचा. म्हणजे पृथ्वीची वक्रता आणि प्रकाशाचं वाकणं आपसात कटतं. २०० मीटरवर ती चूक जेमतेम ३ मिमी असते, अर्धा मीटर तर लगेच डोळ्यात भरेल. प्रत्येक ड्रॉइंगवर आरएलच्या शेजारी डेटमचं, म्हणजे उंची जिथून मोजली त्या शून्य पातळीचं, नाव लिहा. "दुरुस्ती २७" असं मोघम नको, "स्विस उणे ०.२७ बरोबर जर्मन" असं पूर्ण समीकरण लिहा.

जुने_नकाशे: फोटो लावताना जपून. जुन्या गावातला कमानींचा पूल वेगळा, तिथे आता पायीच जातात. ५४ सेंमीवाला तो नवा, गाड्या गावाबाहेर काढायला बांधलेला.