तक्त्यात आमचा सोमवार नव्हता

जून २०२३. वजन ७८, उंची १५७ सेंटिमीटर, वय ४४, थायरॉईड. आहारतज्ज्ञ बाईंनी छापील तक्ता हातात ठेवला. बाई चांगल्या होत्या, तक्ताही चांगला होता. फक्त तो आमच्या घरात राहणाऱ्या बाईसाठी नव्हता.

उठल्या उठल्या मेथीचं पाणी. पण साडेसहाला माझी थायरॉईडची गोळी असते, त्यानंतर तासभर साधं पाणी सोडून काही नाही. नाश्त्याला अंड्याचा पांढरा भाग. आठवड्याभरात आषाढी आली, अंडी बंद, कांदा-लसूण बंद, वांगं बंद. त्या वर्षी अधिक श्रावण, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा! रात्रीचं जेवण सातच्या आत. संकष्टीला चंद्र नऊच्या पुढे दिसतो, मग आरती, मग मोदक. सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या धरल्या तर महिन्यातले सात दिवस तक्ता गुंडाळून फ्रिजवर.

त्या सात दिवसांतच घोळ होता, हे कळायला मला तीन महिने लागले. एका सोमवारी स्वयंपाकघरातला काटा काढून माझ्या वाटणीची खिचडी कच्च्या मालात मोजली. साबुदाणा ८० ग्रॅम, दाण्याचं कूट ३०, तूप २०, एक लहान बटाटा. साडेसहाशेच्या वर कॅलरी. तक्त्यात दुपारच्या जेवणाला साडेतीनशे होत्या. वर संध्याकाळी बटाट्याचा चिवडा, कारण ‘सकाळपासून उपाशी आहे’.

उपास सोडले नाहीत. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, त्यांच्याशी त्यावरून वाद घालायची माझी इच्छाही नव्हती आणि छातीही. मी फक्त ताट बदललं: राजगिऱ्याची एक भाकरी, लाल भोपळ्याची जिऱ्याची भाजी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, कधी उकडलेलं रताळं. खिचडी महिन्यातून एकदा, लहान वाटीने. कोथिंबिरीवरून मात्र एकदा वाजलंच. माहेरी उपासाला चालते, इथे नाही.

चौदा महिन्यांत साडेआठ किलो. मधले चार महिने काटा जागचा हलला नव्हता.

तुम्हीही या धाग्यावर खाली प्रतिसादात लिहा. नुसते किलो नकोत, घरातलं काय आडवं आलं आणि त्याला वळसा कसा घातलात ते लिहा.

नाशिककर

आमच्या ऑफिसात २०१८ च्या सुमारास दोन तट पडले होते. एक डॉ. दीक्षितांचा, दोन वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. डबा उघडायच्या वेळेवरून माणूस कुठल्या पक्षाचा ते कळायचं. मी पहिल्या तटात. ९१ चा ८२ वर आलो, पाच महिन्यांत. पँटचा पट्टा १०४ सेंटिमीटरवरून ९५ वर. (पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी म्हणतात, ती अजून लांब आहे.) मला ते जमलं कारण मला मधल्या वेळी भूकच लागत नाही, चार वाजता समोर भजी येतात म्हणून मी खायचो. बायकोला जमलं नाही. तिचं डोकं दुखायचं, तिने दहाव्या दिवशी सोडून दिलं. बरोबर केलं.

पण लिहायचं आहे ते वडिलांबद्दल. माझं बघून त्यांनी मनानेच रात्रीचं जेवण बंद केलं. वय ७६, साखर खाली आणणारी गोळी सकाळ-संध्याकाळ चालू, आणि ती मात्र नेमाने घेत राहिले. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला घामाने डबडबले, बोलताना अडखळायला लागले. साखर ५८. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी कमी केली आणि मला झापलं. जेवण कमी करायच्या आधी गोळ्यांचं विचारायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर एवढं तरी वाचा.

कडक भाकरी

सोलापूर. वय ३३. माझी गोष्ट उलट्या टोकाची आहे.

सत्ताविसाव्या वर्षी सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला चालत नाही, आणि थोडंसंसुद्धा नाही. तेव्हा वजन ४२ होतं. लग्नात सगळे ‘किती नाजूक’ म्हणायचे, प्रत्यक्षात खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. गहू सुटला, आतडं भरून आलं, अन्न अंगी लागायला लागलं आणि मी थेट ६६. त्यात ‘ग्लुटेन नाही’ लिहिलेली बिस्किटं आणि केक. गहू नसतो त्यात, पण स्टार्च, साखर आणि तूप ठासून भरलेलं असतं. बिस्किट मिळाल्याचा आनंदच इतका होता की मी पुडेच्या पुडे संपवले.

मग डाएट. तीन ठिकाणी गेले. तिन्ही तक्त्यांची सुरुवात दलियाने! एकाने ‘दलिया नको तर मल्टिग्रेन पोळी घ्या’ लिहून दिलं. त्यातही गहूच. ‘एका पोळीने काय होतंय’ हे वाक्य मी आत्याबाईंकडून ऐकलं होतं, फी देऊन ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

शेवटी आमच्याच गावचं अन्न कामाला आलं. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लुटेन नसतंच. सकाळी ताकातली नाचणीची आंबील, दुपारी दीड भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण, रात्री मुगाचं धिरडं. कडक भाकरी पिशवीत कायम, प्रवासात तीच चुरून आमटीत. अडचण धान्याची नव्हती, गिरणीची होती. माझ्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर माझ्या ज्वारीत ते पीठ येणारच. दोन वर्षं ‘पथ्य पाळूनही पोट का बिघडतं’ म्हणून रडले. मग घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू न घालण्याची शपथ सगळ्या घराला घातली. दुसरा चोर हिंग. डबीतल्या पुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. मी रोज फोडणीत घालत होते.

आता ५७. भोगीला बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी असते, तो माझा खरा सण. त्या एका दिवशी सगळ्यांच्या ताटात आणि माझ्या ताटात एकच गोष्ट असते.

रात्रपाळी

चाकण. खोलीमालक शाकाहारी, अंडं आणायचं नाही असं आधीच बजावलेलं. गॅस नाही. मेसचा डबा, रश्श्यावर बोटभर तवंग.

नेटवरून सात दिवसांचं डाएट केलं. पहिल्या दिवशी फळं, दुसऱ्या दिवशी भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. चौथ्या रात्री पाळीवर दोन वाजता मला मशीनमध्ये वडापाव दिसायला लागला. चार किलो गेले, तीन आठवड्यांत माहेरपणाला येतात तसे परत आले.

सध्याचा जुगाड: खिशात फुटाणे, ओल्या फडक्यात बांधलेली मटकी, डब्यातल्या रश्श्याचा वरचा थर चमच्याने काढून टाकणे. मेसवाल्या काकूंना म्हटलं, माझ्या पोळ्यांना तेल लावू नका. त्या म्हणाल्या, “मग वाळून खापर हुतील की रं, आईनं विचारलं तर काय सांगू?” तरी आता माझ्या चार पोळ्या वेगळ्या बांधतात. सहा महिन्यांत पाच किलो. रात्रपाळीच्या आठवड्यात काही हलत नाही, दिवसपाळीत हलतं. झोपेचं काहीतरी असणार.

आमसूल

मालवण. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, भात सोडा. भात सोडून आम्ही काय खायचं? पोळी आमच्याकडे पाहुण्यांसाठी.

सोडला नाही. माणशी ६० ग्रॅम तांदूळ कच्चा मोजून घालते, उकडा. पातेल्यात उरतच नाही, म्हणून ‘उरलाय तेवढा संपव’ हे बंद झालं. माझे निम्मे किलो त्या उरलेल्या भाताचे होते. मासा तळायच्या ऐवजी तिखलं. रोजची सोलकढी नारळाच्या दुधाची होती, आता आमसुलाचं सार बिनखोबऱ्याचं, सोलकढी रविवारी. श्रावणात मासे बंद झाले की प्रथिनांची पंचाईत होते, तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ आणि कुळथाची पिठी. ७१ चे ६५.

दोडका

मला काहीच कमी झालेलं नाही, तरी लिहू का?

संधिवात आहे, मध्ये वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. भूक अशी लागायची की रात्री दोनला उठून थंड भात खाल्ला आहे. वय ५८. गुडघ्यांमुळे चालणं अर्धा तास, तेही दोन हप्त्यांत. वर्षभर मोजूनमापून खाल्लं आणि गेले दोन किलो. नातेवाइकांच्या मते मी लपून खाते.

पण तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ७.९ टक्के होती, ती ६.६ झाली. काट्यावर त्याचा पत्ता नाही. दोडक्याची भाजी मला आता खरंच आवडते, हे सांगितलं तर घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

धागाकर्ती

दोडका, लिहू का काय विचारता! असे अनुभव कुणी सांगत नाही, म्हणून तर बोलावलं. ‘लपून खाते’ मीही ऐकलंय, तेही त्या चार थांबलेल्या महिन्यांतच.

कडक भाकरी, तुमचं वाचून आत्ता उठून हिंगाची डबी बघितली. बारीक अक्षरात मैदा लिहिलाय. माझ्या भाचीला हेच निदान झालंय, गेल्या रविवारी ती जेवायला होती आणि मी मोठ्या कौतुकाने ‘तुझ्यासाठी सगळं ज्वारीचं केलंय’ म्हणत आमटी वाढली होती.

कडक भाकरी

तिला फोन करून सांगा, पोट दुखलं असेल तर कारण कळेल बिचारीला. आणि तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबी उलटी करून वाचून घ्या. नाहीच मिळाला तर लसूण. अर्थात तुमचा चातुर्मास संपल्यावर.