पाठीवर १९८५ लिहिलंय म्हणजे माल १९८५ चाच ना? जुन्या ॲक्शन फिगरची मराठी गाइड बनवतोय, चुका काढा

आर्वीकर_८३

नमस्कार मंडळी. मी आर्वीजवळच्या खेड्यातला, कापूस-सोयाबीनवाला माणूस, पण लहानपणापासून जीआय जो, ही-मॅन असल्या हातपाय हलणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या माणसांचा नाद आहे. गेल्या दिवाळीत मामाच्या घरचा माळा साफ करताना एक टिनाची पेटी निघाली, तीत अकरा जीआय जो, दोघांचे अंगठे तुटलेले, एकाचे पाय कमरेपासून लोंबताहेत, बंदुका तीनच. तेव्हापासून डोक्यात बसलंय की मराठीत एक नीट गाइड लिहावी, कारण इंग्रजीत जे सापडतं ते सगळं अमेरिकेच्या मालावर, आपल्याकडच्या फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीच्या मालाला त्यांच्या फोटोतले रंग जुळतच नाहीत.

आतापर्यंत लिहिलेलं सांगतो, कुठं चुकलं ते बिनधास्त सांगा. एक म्हणजे कमरेच्या मागे कोरलेलं साल तेच बनवल्याचं साल. दुसरं, रंग अमेरिकन फोटोपेक्षा वेगळा असला तर डुप्लिकेट. तिसरं, बंदूक पाण्यात टाकायची, बुडली तर ओरिजनल, तरंगली तर नकली. आणि नाव काय द्यावं हेही सुचवा, मी "जुने बाहुले कसे जमवावे" लिहिलं तर बायको हसून हसून बेजार झाली.

दारव्हा_पंपवाला

भाऊ तुह्या तिन्ही गोष्टी चुकल्या बाप्पा, राग नको मानू. पाठीवरचं साल साच्याचं असते, मंजे थे डिझाइन कंपनीनं कोनत्या साली आपल्या नावावर केलं थे. माल केव्हा निघाला थे त्याच्यावरून समजत नाई. तूच हिशोब लाव ना, फनस्कूल सुरूच झाली १९८७ साली, टायरवाल्या एमआरएफनं जीआय जो बनवनाऱ्या अमेरिकेच्या हॅसब्रोसंगं भागीदारीत काढली, मंग तुह्या मामाच्या पेटीतला माणूस १९८५ ले कोनाच्या कारखान्यात बनला? हॅसब्रोचे जुने साचे इकडे आले, त्याच्यातून इथं माल निघाला, साल मातर साच्यात कोरलेलं तेच राह्यलं.

आता थे लोंबत्या पायाचं. आतमधी रबराची रिंग असते, काळी, थे सुकून तुटली. पाठीवरचा स्क्रू खोलजो, पण खाली पेपर अंथरजो, नाई तं कमरेचा तुकडा कुठं उडून जाईन पत्ता लागत नाई. मी पह्यल्यांदा खोलला तेव्हा आतली रिंग बोट लावल्याबरोबर वाळल्या तुरीच्या सालटावानी भुगा झाली. एका बाजूनं थे छातीतल्या खुंटीले अडकते, दुसऱ्या बाजूनं पायाच्या लोखंडी हुकाले, मधात कमर. नवी रिंग मुंबईहून मागवाची गरज नाई, मोटार-पंप दुरुस्तीच्या कोन्याही दुकानात ओरिंगचा डब्बा राह्यते, मी तं दिवसभर त्याच्यातच हात घालून असतो. रिंग अखंड सापडली तं तिच्यासंगं जुळवून घेजो. लय टाइट घेशीन तं जोर पायाच्या सांध्यावर येते अन् प्लॅस्टिक तिथंच चिरते. माह्यावाला एक तसाच गेला, अजून जीव जळते.

बर्डीवरचा_कलेक्टर

पंपवाल्या दादांनी सालाचं बरोबर सांगितलं. याचं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेच्या केनर कंपनीने काढलेल्या स्टार वॉर्स पिक्चरच्या माणसांचं आहे. पिक्चर आला १९७७ च्या मे महिन्यात, कंपनीची खेळणी तयारच नव्हती, म्हणून त्या ख्रिसमसला त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं, आत कागदाचं सर्टिफिकेट, ते भरून पाठवा, माणसं नंतर येतील. आणि आली १९७८ मध्ये. पायावर कोरलेलं साल मात्र १९७७. म्हणजे तिकडच्या अस्सल मालातही कोरलेलं साल आणि दुकानात आल्याचं साल जुळत नाही, आपल्याकडे तर साचा अर्धं जग फिरून आलेला.

साल काढायला दुसऱ्या खुणा बघ. जीआय जो चा छोटा पावणेचार इंची माणूस १९८२ चा, त्याचा हात कोपरात वाकतो पण दंडातून गोल फिरत नाही. दंडातून फिरणारा हात १९८३ पासून. मान १९८५ च्या आधी फक्त डावी-उजवीकडे वळते, त्यानंतर गोटीवर बसवलेली, वरखालीही होते. यानेही डिझाइन कधीचं तेवढंच कळतं, पण मुंडकं किंवा हात दुसऱ्याच माणसाचा बसवलाय का ते पकडता येतं. एका ऑनलाइन विकणाऱ्याने मला असाच जोडजाड केलेला माणूस पाठवला होता, वरून रंग मारलेला. उन्हाळ्यात हातात धरला तर बोटाला निळा रंग लागला!

रंगाचं वाक्य तर काढूनच टाक. फनस्कूलने कित्येक माणसं वेगळ्याच रंगात काढली, ब्राझीलच्या एस्ट्रेला कंपनीनेही असंच केलं, आणि आज तेच वेगळे रंग बाहेरचे लोक शोधत फिरतात. तुझी गाइड वाचून एखाद्याने डुप्लिकेट समजून भंगारात टाकला तर पाप तुझ्या माथी.

पाण्याच्या परीक्षेचंही तसंच. बुडाली की तरंगली एवढ्यावरून ओरिजनल-नकली ठरवू नको. मी तर कडा बघतो, साच्याची रेष बघतो, आणि शक्य असेल तर पक्क्या ओरिजनलच्या बाजूला ठेवून बघतो.

एक मात्र विसरू नको, आपल्याकडे पॅकबंद मालावर किंमत आणि महिना-साल छापायचा नियम आहे. माणूस ज्याच्यावर पॅक होऊन यायचा ते पुठ्ठ्याचं कार्ड अर्धंमुर्धं जरी मिळालं तरी आधी तो कोपरा शोध. अमेरिकेच्या गाइडमध्ये ही गोष्ट सापडणार नाही.

वरुडची_संत्री

नाव "बाहुले" नका देऊ हो 😄 १९६४ मध्ये हॅसब्रोने जीआय जो काढला तेव्हा तो चांगला बारा इंची, कपडे बदलायचा, म्हणजे बाहुलीच, पण पोरं बाहुलीशी खेळणार नाहीत म्हणून त्यांनी ॲक्शन फिगर हा शब्द काढला. तुमच्या बायकोला जे कळलं तेच कंपनीलाही कळलं होतं. आमच्या घरी सगळे "माणसं"च म्हणायचे. माझा भाऊ तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदीवर ही-मॅन बसवून घरोघर न्यायचा, बोजारा (पोरांना मिळणारी ओवाळणी) जास्त मिळायचा म्हणून, आजी चिडायची की नंदीवर हा उघडा माणूस कोण.

आणि ठेवण्याचं लिहा ना! टिनाच्या पेटीत माळ्यावर, आपल्या मे महिन्यात, म्हणजे भट्टीच. नरम प्लॅस्टिकमधलं तेल बाहेर येतं आणि माणूस चिकट होतो. आईने कपड्यांसारख्या डांबर गोळ्या टाकल्या होत्या, त्या तर अजून वाईट, काही प्लॅस्टिक त्या वाफेनेच मऊ पडतं. पिवळा पडलेला पांढरा माणूस हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, पण आमच्या भावाने वरुडच्या उन्हात दिवसभर ठेवला तर डाग डाग उठले. आणि पिवळेपणा परत येतो तो येतोच.

आर्वीकर_८३

सगळ्यांचे आभार, तिन्ही वाक्यं खोडली. पंपवाले दादा, आमच्या बसस्टँडजवळच्या वाइंडिंगवाल्याने डब्बा पुढे ठेवला आणि म्हणाला कोन्त्या पंपाची पाह्यजे, मी खिशातून दोन तुकड्यांचा माणूस काढला. त्याने पैसेच घेतले नाही. रिंग बसली, पाय उभे राहिले, थोडे ढिले आहेत पण टाइटपेक्षा बरे.

आता कार्डाचं. मामीला फोन केला, ती म्हणे पुठ्ठे कोण ठेवतं, पण काल तिने पोथीत ठेवलेला एक तुकडा पाठवला, खुणेला वापरत होती. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात किराण्याचा हिशोब, तूर डाळ २ किलो, गोडेतेल, निरमा, आणि त्याच्याखाली, तेलाच्या डागातून, छापलेला महिना अर्धा गेलाय पण साल दिसतं, १९९३. माणसाच्या पाठीवर १९८५. फोटो काढून गाइडच्या पहिल्या पानावर टाकतोय, हिशोबासकट.

दारव्हा_पंपवाला

हिशोब राहू दे तसाच, पुसू नको. अन् ढिल्या पायाले एक नंबर लहान रिंग पाहून घे, पण जपून.