अपडेटनंतर नकाशाचे ॲप बदलले. जुने परत कसे आणावे?

प्रश्न : अमळनेरहून चोपड्याला जाताना, अपडेटनंतर आपोआप आलेल्या नव्या नकाशाने तापीचा पूल सोडून मला केळीच्या बागेतल्या गाडरस्त्यावर नेले. जुने ॲप फोनमध्ये असूनही पत्त्यावर बोट ठेवताच नवेच उघडते. फोन अँड्रॉइड आहे.

उत्तर : भाऊ, सेटिंग्जमध्ये नव्या ॲपच्या माहितीत जाऊन डिफॉल्टची (आपोआप तेच ॲप उघडण्याची) पसंती पुसावी, पुढच्या वेळी फोनने विचारल्यास जुने ॲप निवडून ‘नेहमी’ दाबावे.

दुसरे उत्तर : सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस ६ या प्रणालीमधून गूगलचा नकाशा काढून स्वतःचा दिला, तेव्हा कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर माफी मागून इतर ॲप वापरण्याचा सल्ला दिला होता, गूगलचे ॲप डिसेंबरात परतले. आपली माफी कोण मागणार, हा प्रश्न वेगळा.

प्रश्नकर्ता : पसंती पुसली, जमले. आभारी आहे.