उंदरांतील हृदयविकाराचा झटका: धमनी कायमची बांधावी की गाठ सोडावी?

प्रश्न:
झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूचे नुकसान कमी करू शकेल अशा औषधाची चाचणी आम्हाला सी५७ ब्लॅक ६ या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या वाणाच्या उंदरांवर घ्यायची आहे. हृदयाच्या डाव्या बाजूची पुढची उतरती धमनी कायमची बांधावी, की काही वेळाने गाठ सोडावी, यावर आमचे एकमत होत नाही. शिवाय, त्याच जागी टाका घालूनही एका उंदरात डाव्या निलयाचा मोठा भाग मरतो, तर दुसऱ्यात जेमतेम टोक. दोष हाताचा आहे की हृदयाचा?

उत्तर १:
दोन्हींचा आहे. उंदराची ही धमनी स्नायूत बुडालेली असते आणि तिच्या फांद्या प्रत्येक प्राण्यात थोड्या वेगळ्या फुटतात, त्यामुळे डाव्या अलिंदाच्या कडेखाली एक-दोन मिलिमीटरवर टाका नेमका बसला, तरी रक्त तुटलेला भाग सारखा येईलच असे नाही.

तुमचे औषध स्नायू वाचवणारे असेल, तर गाठ सोडण्याची पद्धत घ्या, कारण कायमच्या गाठीमागे वाचवण्याजोगे फारसे उरत नाही. गाठीखाली बारीक नळीचा तुकडा ठेवला की ३० ते ४५ मिनिटांनी धमनीला इजा न होता गाठ सोडवता येते. गाठ आवळताच निलयाची पुढची भिंत फिकट पडली पाहिजे आणि सोडताच तिच्यावर पुन्हा लाली आली पाहिजे. हे दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छाती बंद करू नका.

२४ तासांनी त्याच जागी पुन्हा गाठ मारून इव्हान्स ब्लू हा निळा रंग रक्तात सोडा आणि हृदयाचे काप टीटीसीच्या (जिवंत स्नायू लाल करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात ठेवा. रक्त पोहोचत असलेला भाग निळा होतो, रक्त तुटूनही जिवंत राहिलेला स्नायू लाल होतो आणि मेलेला फिकट राहतो. मेलेला भाग संपूर्ण निलयाच्या नव्हे, तर धोक्यातील भागाच्या, म्हणजे लाल आणि फिकट मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या प्रमाणात मोजा. हे क्षेत्र दोन्ही गटांत सारखे नसेल, तर औषधाबद्दल काहीही म्हणता येणार नाही.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे. मात्र व्रण कसा भरतो आणि निलय कसे फुगत जाते हे पाहायचे असेल, तर कायमची गाठच योग्य. त्यात पहिल्या आठवड्यात, विशेषतः नर उंदरांत, निलयाची भिंत फुटून मृत्यू होतात, म्हणून फक्त जगलेल्यांचीच मोजणी करू नका.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. भुलीसाठी आम्ही आयसोफ्लुरेन हा हुंगवण्याचा वायू वापरतो; त्याने फरक पडतो का?

उत्तर १:
पडतो. आयसोफ्लुरेन स्वतःच हृदयाचे काही प्रमाणात रक्षण करते, आणि शरीर थंड पडले तरी इजा घटते. म्हणून भुलीची मात्रा व कालावधी सर्व प्राण्यांत सारखे ठेवा, शरीराचे तापमान ३७ अंशांजवळ राखा आणि वेदनाशामक शस्त्रक्रियेपूर्वीच द्या. कोणत्या उंदराला औषध मिळाले, हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला आणि काप मोजणाऱ्याला माहीत नसावे.